प्रबंधाचे इंग्रजी शेवटच्या महिन्यात सुधारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी.च्या जागा, गाइडची उपलब्धता, रखडलेल्या फेलोशिप, पेट या पीएच.डी. प्रवेश परीक्षेचे घोळ यांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते. प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थ्याला दीडदोनशे पानांचा प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो. तो लिहायला त्याला कोण शिकवते, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. विज्ञान, कृषी, वाणिज्य, अभियांत्रिकी या शाखांत संशोधनाला येणारे कितीतरी विद्यार्थी दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. पदवीला त्यांनी इंग्रजीत उत्तरे लिहिलेली असतात, पण ती पाठ केलेली. स्वतःचा मुद्दा स्वतःच्या इंग्रजी वाक्यांत सलग चार पाने मांडण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा येते ती थेट प्रबंधाच्या वेळी.

सध्याची रीत अशी. पहिली दोन-तीन वर्षे प्रयोग, सर्वेक्षण, आकडेमोड. लेखनाचे 'नंतर बघू'. सबमिशन जवळ आले की विभागातला एखादा जुना प्रबंध समोर ठेवून प्रकरणे भरायची. ती टायपिंगच्या दुकानात जातात, तिथून शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मग सिमिलॅरिटी तपासणीला, म्हणजे मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहायला. त्यातूनही वेळ उरलाच, तर ओळखीच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे 'सर, जरा ग्रामर बघून द्या' म्हणून. सर वाक्य नीट करतात, पण त्या वाक्यात मुळात काय म्हणायचे होते हे त्यांना कळायला मार्ग नसतो. या अवस्थेत लिहिणाऱ्यालाही ते पुष्कळदा सांगता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे कोर्स वर्क, म्हणजे संशोधनाच्या सुरुवातीचा वर्गातला अभ्यास, किमान १२ क्रेडिटचे असते. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. तत्त्वज्ञान, वैज्ञानिक आचार, ओपन ॲक्सेस (सर्वांना खुले प्रकाशन), प्रकाशनातले गैरप्रकार, डेटाबेस आणि मोजमापे असे त्यातले विषय आहेत. उचलेगिरी करू नका, हे तिथे शिकवतात. दुसऱ्याचे म्हणणे न उचलता आपल्या इंग्रजीत कसे आणायचे, याला त्यात जागा नाही. याच नियमावलीत संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापन, अध्यापनशास्त्र किंवा लेखन यांचे प्रशिक्षण द्यावे असेही म्हटले आहे. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची जुनी सक्ती तिने काढली. म्हणजे लेखन शिकवायला कागदोपत्री आधारही आहे आणि थोडी उसंतही. तरी लेखनाचा स्वतंत्र, रीतसर वर्ग क्वचितच दिसतो.

'ग्रामर कच्चे आहे' हे निदान अपुरे आहे. मराठीतून विचार करणाऱ्याच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका ठरलेल्या जागी होतात. त्या जागा माहीत असल्या की चुका शोधता येतात. काही चुका नुसत्या कानाला खटकतात, तर काही निष्कर्षच बदलून टाकतात. आधी दुसऱ्या प्रकारच्या बघाव्यात.

'सगळे नमुने दूषित नव्हते' हे मराठी वाक्य दोन्ही अर्थांनी चालते आणि संदर्भावरून आपण ते समजून घेतो. त्याचे 'ऑल सॅम्पल्स वेअर नॉट कंटॅमिनेटेड' केले की परीक्षक विचारणार: एकही दूषित नव्हता, की काही होते? 'नन ऑफ द सॅम्पल्स' किंवा 'नॉट ऑल सॅम्पल्स' असे स्पष्ट लिहावे. त्याहून बरे म्हणजे आकडाच द्यावा, ४० पैकी १२. दुसरी जागा 'मुळे'ची. मराठीत हा प्रत्यय जिभेवर इतका सहज येतो की इंग्रजीत पानोपानी 'ड्यू टू' पडते. विद्यार्थ्याने तपासलेला असतो दोन गोष्टींमधला सहसंबंध, आणि वाक्यात होतो कार्यकारणभाव. प्रत्येक 'ड्यू टू' आणि 'बिकॉज ऑफ' शोधून काढावा आणि स्वतःला विचारावे, हे कारण मी प्रयोगाने दाखवले आहे का? नसेल तर 'वॉज असोसिएटेड विथ' लिहावे. तिसरी जागा 'लक्षणीय'. आपल्याकडे ते सढळ हाताने वापरतात. इंग्रजीत 'सिग्निफिकंट' लिहिले की संख्याशास्त्रीय चाचणी कोणती आणि पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) किती, हा प्रश्न आलाच. नुसते 'बरेच' म्हणायचे असेल तर टक्केवारी लिहावी. 'सिद्ध झाले'चेही तसेच. एका हंगामाच्या, एका गावच्या प्रयोगावर 'प्रूव्ह्ड' लिहू नये. 'सजेस्ट' किंवा 'इंडिकेट' पुरते, आणि परीक्षकाला ते अधिक विश्वासाचे वाटते.

आता वाक्याची ठेवण. 'नमुने गोळा करून, वाळवून, दळून, चाळून विश्लेषण केले' हे मराठीत उत्तम वाक्य आहे. 'करून'ची माळ कितीही लांबवली तरी करणारा कोण हे आपल्याला कळते. इंग्रजीत त्याचे 'आफ्टर कलेक्टिंग, ड्राइंग, ग्राइंडिंग अँड सिव्हिंग, द ॲनालिसिस वॉज डन' असे होते, आणि व्याकरणाच्या हिशोबाने नमुने गोळा करणारे आणि दळणारे ते 'ॲनालिसिस' ठरते. उपाय एवढाच की ज्याच्यावर क्रिया झाली ते कर्त्याच्या जागी आणायचे आणि क्रिया क्रमाने लिहायच्या: 'सॉइल सॅम्पल्स वेअर एअर-ड्राइड, ग्राउंड, अँड पास्ड थ्रू अ २ मिमी सिव्ह'. विश्लेषणाला वेगळे वाक्य. एका वाक्यात एक काम हा नियम पहिल्या वर्षी कडक पाळावा. जोडवाक्यांची ऐट नंतर करता येते.

शासकीय मराठीतल्या 'करण्यात आले'चा वारसाही प्रबंधात उतरतो. 'मेझरमेंट ऑफ हाइट वॉज कॅरीड आउट' या सहा शब्दांचे काम 'हाइट वॉज मेझर्ड' या तीन शब्दांत होते. 'कॅरीड आउट', 'परफॉर्म्ड', 'अंडरटेकन', 'वॉज डन' हे चार शब्दप्रयोग संगणकावर 'फाइंड' करून शोधावेत. जवळच कुठेतरी खरे क्रियापद नाम होऊन बसलेले सापडते. त्याला पुन्हा क्रियापद करावे. 'जे नमुने घेतले ते' याचे 'व्हिच सॅम्पल्स वेअर टेकन, दे' होते, ते 'द सॅम्पल्स टेकन' इतके सुटसुटीत करावे. 'सोमवारीच'चे 'ऑन मंडे ओन्ली' बोलण्यात खपून जाते. पेपरमध्ये परदेशी रिव्ह्यूअर ते नमुने घेण्याची मर्यादा समजून वाचतो. 'डिस्कस्ड अबाउट', 'एम्फसाइझ्ड ऑन', 'कम्प्राइझेस ऑफ', 'इक्विपमेंट्स', 'रिसर्चेस', 'इन्फर्मेशन्स' यांची यादी कुठल्याही विभागाला फलकावर लावता येईल. त्यावर व्याख्यान नको.

'अ', 'ॲन', 'द' यांचे मात्र काम मोठे आहे. मराठीत ही उपपदे नाहीत, म्हणून कान मदत करत नाही आणि नियमांची जाडजूड यादी पाठ करूनही फारसा उपयोग होत नाही. एक चाळणी बरीच कामाची आहे. पानावरच्या प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामाखाली रेघ मारायची आणि त्याच्या आधी काहीतरी आहे का ते पाहायचे: अ, द, धिस, ईच, इट्स, काहीही. काहीच नसेल तर बहुतेक वेळा चूक आहे. 'प्लांट वॉज केप्ट इन ट्रे' इथेच सापडते. वस्तू पहिल्यांदा येते तेव्हा 'अ', तीच पुन्हा येते तेव्हा 'द', एवढ्यावर पद्धतीचे प्रकरण बव्हंशी निभावते. उलट्या बाजूची चूक म्हणजे अमूर्त नामांना उगाच लावलेला 'द': 'द पोल्यूशन इज इन्क्रीजिंग', 'द एज्युकेशन इज इम्पॉर्टंट'. सरावासाठी आपल्याच विषयातल्या चांगल्या नियतकालिकातला दीडशे शब्दांचा परिच्छेद घ्यावा, त्यातली सगळी उपपदे खोडावीत, दुसऱ्या दिवशी स्वतः भरावीत आणि मूळाशी ताडून पाहावीत. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे. व्याकरणाच्या पुस्तकातली सुटी वाक्ये इथे कामाची नाहीत, कारण कुठे 'द' यायचा हे मागच्या वाक्यावर ठरते.

काळाचा गोंधळ त्यामानाने लवकर सुटतो. आपण जे केले आणि जे आढळले ते भूतकाळात. सर्वमान्य तथ्य आणि 'टेबल ३ शोज' हे वर्तमानकाळात.

वाक्ये ठीक झाली तरी प्रकरण उभे राहत नाही, असे पुष्कळ प्रबंधांत दिसते, आणि याबाबतीत इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थीही काही पुढे नसतो. त्याचा 'द' बरोबर पडतो, पण 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' त्याचाही तसाच असतो: अमुक (२०१२) यांनी अभ्यास केला, तमुक (२०१४) यांनी अभ्यास केला, असे साठ परिच्छेद, वर्षवारीने. ही किराण्याची यादी झाली. यावर उपाय लिहिण्याच्या आधीचा आहे. विषयाशी थेट संबंध असलेले २०-२५ पेपर निवडून एक तक्ता करायचा: प्रश्न काय होता, पद्धत कोणती, कुठे आणि कशावर केले, काय आढळले, काय राहून गेले. प्रत्येक पेपरला एक आडवी ओळ. मग परिच्छेद लिहायचे ते उभ्या रकान्यांवरून. 'पद्धत' या रकान्यावरून एक परिच्छेद, 'कोरडवाहू भागात काय आढळले' यावर एक, परस्परविरोधी निष्कर्षांवर एक. शेवटच्या रकान्यात, काय राहून गेले त्यात, स्वतःच्या संशोधनाची जागा आपोआप दिसते.

ती जागा प्रस्तावनेत एका वाक्यात लिहिलेली असावी लागते, आणि नेमके तेच वाक्य आपल्या प्रबंधांत नसते. जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९०मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची तीन पावले मांडली: हे क्षेत्र महत्त्वाचे का, त्यात उणीव कुठे आहे, आणि हा निबंध ती कशी भरतो. आपल्याकडे पहिल्या पावलावर 'इंडिया इज ॲन ॲग्रिकल्चरल कंट्री'पासून चार पाने जातात आणि दुसरे पाऊल गाळून थेट 'ऑब्जेक्टिव्ह्ज' येतात. उणीव सांगणे म्हणजे ज्येष्ठांचे दोष काढणे, असा संकोचही त्यामागे असावा. 'अमुक यांनी काळ्या जमिनीवर दाखवले आहे, हलक्या जमिनीवर कोणी पाहिलेले नाही' यात कुणाचा अवमान होत नाही.

लिहिण्याचा क्रम छापण्याच्या क्रमाहून वेगळा ठेवावा. पद्धत आधी, तीही प्रयोग चालू असतानाच पहिल्या वर्षी. तापमान, वेळ, मात्रा नंतर आठवत नाहीत. मग तक्ते आणि आकृत्या, त्यांवरून निष्कर्ष, चर्चा, मग प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी गोषवारा. प्रकरणाचा पहिला खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात, मराठीत, एका ओळीत लिहावे की हा परिच्छेद काय सांगतो. ओळ लिहिता आली नाही तर परिच्छेदात काही नाही. दोन ओळी लागल्या तर तो फोडावा. नंतर फक्त समासातल्या ओळी वरून खाली वाचाव्यात. मुद्दा कुठे तुटतो ते इंग्रजीच्या धुक्यात लपलेले असते, मराठीत लगेच उघडे पडते.

मराठीचा असाच उपयोग उचलेगिरी टाळायलाही होतो. इंग्रजी उतारा समोर ठेवून त्याचे शब्द बदलत गेले की मूळ वाक्याचा सांगाडा तसाच राहतो. त्यालाही उचलेगिरीच म्हणतात. त्याऐवजी उतारा दोनदा वाचावा, मिटावा, मुद्दे मराठीत टिपावेत, पूर्ण वाक्ये नकोत, नुसते मुद्दे आणि आकडे. लेखक, वर्ष, पान तिथल्या तिथे लिहावे. एक रात्र जाऊ द्यावी आणि मग त्या टिपणांवरून इंग्रजीत लिहावे. शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून आकडे आणि अर्थ तपासावेत. पूर्ण मराठी वाक्ये लिहिली तर दुसऱ्या दिवशी त्यांचे शब्दशः भाषांतर होते आणि 'करून'ची माळ परत येते, म्हणून मुद्दे.

हे सांगायचे कारण म्हणजे सिमिलॅरिटीच्या टक्क्याने घातलेला धुमाकूळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या उचलेगिरीविषयीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यावे लागते. ४० ते ६०ला सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष बंदी. ६०च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला श्रेय दिलेला मजकूर, कायदे, प्रमाण समीकरणे यातून वगळलेली आहेत, आणि सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही. विद्यार्थी यातून एवढेच शिकतात की आकडा खाली आणायचा आणि चौदाच्या आत एक शब्द फिरवायचा. आठ टक्के आलेल्या प्रबंधात कल्पना चोरलेली असू शकते, आणि प्रमाण पद्धती प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा आकडा त्या प्रकरणात वाढू शकतो. अशा ठिकाणी मूळ पद्धतीचा संदर्भ द्यावा आणि स्वतः केलेला बदल तेवढा सविस्तर लिहावा.

आकडा उतरवण्यासाठी शब्द फिरवणारी सॉफ्टवेअर वापरली की काय होते, हे जगजाहीर आहे. २०२१मध्ये फ्रान्समधील संगणकतज्ज्ञ गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांतून असे नमुने शोधून काढले: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे झाले होते 'काउंटरफीट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'चे 'कोलॉसल इन्फर्मेशन', आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चे चक्क 'बूझम पेरिल'. असे निबंध आता शोधून मागे घेतले जातात. आपल्याकडचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर सर्वांना वाचायला खुले असतात, हे शब्द फिरवून देणारा दुकानदार सांगत नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचे इंग्रजी सफाईदार असते आणि नेमकी तिथेच मेख आहे. 'सजेस्ट'चे 'डेमॉन्स्ट्रेट' होते, 'इन धिस व्हिलेज' गळून पडते, पारिभाषिक शब्दाला शोभिवंत पर्याय येतो आणि कधी अस्तित्वातच नसलेला संदर्भ घुसतो. ज्याला फरक ओळखता येत नाही त्याच्यासाठीच हे जास्त धोक्याचे. वापरायचेच तर स्वतः लिहिलेला एक परिच्छेद द्यावा, 'पुन्हा लिही' म्हणू नये, 'चुका दाखव आणि कारण सांग' म्हणावे. दुरुस्त्या एकेक करून स्वतः कराव्यात. पुष्कळ नियतकालिके अशा वापराची नोंद मागतात, आणि लेखक म्हणून यंत्राचे नाव कोणी स्वीकारत नाही. त्याहून उपयोगाची, फुकट मिळणारी दोन साधने विद्यार्थ्यांच्या कानावरच नसतात. मँचेस्टर विद्यापीठाची 'ॲकॅडेमिक फ्रेजबँक' वाक्यांची रिकामी चौकट देते: तुलना कशी करावी, मर्यादा कशी सांगावी. दुसरे 'अँटकॉन्क', मजकुरात एखादा शब्द कुठे कसा वापरला आहे ते शोधून दाखवणारे सॉफ्टवेअर. आपल्या विषयातले तीसेक चांगले पेपर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रूपांतरित करून त्यात टाकायचे आणि 'इन्क्रीज' शोधायचे. त्यापुढे 'इन', 'बाय' की 'टू' येते, ते कधी, हे पन्नास खऱ्या ओळींत एकाखाली एक दिसते. शिक्षकाला विचारायला लाजणाऱ्या विद्यार्थ्याची यातून चांगली सोय होते.

आता गाइडविषयी, थोडे स्पष्ट. शंभर पाने एकदम घेऊन सगळीकडे लाल शाई करणे ही मेहनत आहे, पण तिने विद्यार्थी शिकत नाही. तो दुरुस्त्या जशाच्या तशा टाइप करतो आणि पुढच्या प्रकरणात त्याच चुका करतो. पाच-सहा पाने घ्यावीत. पहिल्या वाचनात फक्त मुद्दा आणि क्रम पाहावा, भाषेला हात लावू नये. जो परिच्छेद उद्या काढून टाकायचा आहे त्याचे स्पेलिंग सुधारण्यात दोघांचाही वेळ जातो. दुसऱ्यात परिच्छेद. तिसऱ्यात वाक्ये, तीही पहिल्याच पानावर, आणि दोनच प्रकारच्या चुका दाखवून 'उरलेल्या पानांवर अशाच तूच शोध' म्हणून परत द्यावे. ज्या गाइडचे स्वतःचे इंग्रजी बेताचे आहे त्यांनाही पहिली दोन वाचने उत्तम करता येतात.

'मग प्रबंध मराठीतच का लिहू नयेत?' हा प्रश्न रास्त आहे. समाजशास्त्र, इतिहास, साहित्य यांत जिथे मुभा आहे तिथे जरूर लिहावेत. सोयाबीनवरच्या रोगाचे किंवा पॉलिमरचे संशोधन ज्यांनी वाचायचे ते जगभर पसरलेले असतात, म्हणून तिथे इंग्रजी टळत नाही.

मागणी नेमकी आहे. कोर्स वर्कमध्ये २ क्रेडिटचा, दोन तासांची पंधरा सत्रे असलेला लेखनाचा स्वतंत्र वर्ग हवा. एका वर्गात पंधराच विद्यार्थी, शक्यतो एकाच किंवा जवळच्या विषयांचे. शिकवायला विषयाचा एक आणि इंग्रजीचा एक असे दोघे, कारण इंग्रजी विभागातील प्राध्यापकांची तयारी बहुधा साहित्याची असते आणि रसायनशास्त्राचा पेपर कसा चालतो हे त्यांना माहीत असेलच असे नाही. प्रत्येक सत्रात एक तास छापलेल्या पेपरची चिरफाड, एक तास प्रत्यक्ष लेखन. लेखी परीक्षा नको. दीड हजार शब्दांचे एक प्रकरण तीन खर्ड्यांत घ्यावे, तिन्ही जपून ठेवावेत आणि पहिल्या-तिसऱ्यातल्या फरकाला गुण द्यावेत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था संशोधकांना फेलोशिप देतात. त्यांनी असे वर्ग पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केले तर विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांची वाट पाहावी लागणार नाही. वर्ग पहिल्या वर्षीच घ्यावा, पद्धतीचे प्रकरण लिहायच्या वेळी. प्रबंध देण्याआधीच्या प्री-सबमिशन सादरीकरणानंतर घेतला तर पुन्हा 'जरा ग्रामर बघून द्या' एवढेच होईल.

आपला,
संशोधन-लेखन शिकवणारा एक प्राध्यापक, पुणे